पानं गर्द हिरवी, पण फूल नाही: ऑर्किड पुन्हा कसं फुलवायचं

माझ्याकडचं पहिलं ऑर्किड दोन वर्षांहून जास्त काळ फुललं नाही. पानं मात्र लांबच लांब, गर्द हिरवी, तुकतुकीत. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय छान वाढलंय!" मी खत बदललं, पाणी वाढवलं, मग कमी केलं. फुलदांडा काही येईना. फुलं का येत नाहीत याचं उत्तर त्या पानांतच होतं, पण ते वाचायला मला फार उशिरा जमलं. ऑर्किडचं पान इतकं गर्द हिरवं झालं की समजावं, झाडाला उजेड कमी पडतोय.

एकदा फुललेलं आणि नंतर नुसतं पानांवर बसून राहिलेलं ऑर्किड फेकून देऊ नका. ज्या झाडाने एकदा फूल दिलंय ते वयात आलेलं आहे. मुळं धड असतील तर ते पुन्हा फुलतं. बहुतेक घरांत तीन गोष्टी आडव्या येतात: सडकी मुळं, अपुरा उजेड आणि न मिळालेला गारवा. तपासायच्याही याच क्रमाने. मुळं गेलेल्या झाडाला उजेड आणि गारवा देऊन काही हाती लागत नाही, उलट ते आणखी खंगतं.

आपलं ऑर्किड कोणतं, ते आधी ओळखा

घरात येणारं ऑर्किड बहुधा फॅलेनोप्सिस असतं. रुंद, जाड, एकमेकांसमोर दोन ओळींत बसलेली पानं, खोड जवळजवळ दिसतच नाही, आणि पानांच्या बेचक्यातून निघून पुढे कमानीसारखा वाकलेला दांडा. कार्ल लुडविग ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली या प्रजातीला हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पतंगासारखं दिसणारं'. दिव्याभोवती घिरट्या घालतो तो पतंग. पांढऱ्या फुलांची रांग वाऱ्यावर हलताना बघितली की नाव पटतं.

पुढचं सगळं फॅलेनोप्सिसबद्दल आहे. तुमच्या झाडाला उसासारखी पेरं असलेल्या उभ्या कांड्या असतील तर ते डेंड्रोबियम. त्यातल्या नोबिल गटाला थंडीच्या दिवसांत पाणी तोडून ताण द्यावा लागतो. त्याच्या पानं गळालेल्या जुन्या कांड्या वाळल्या असं समजून छाटल्या जातात, आणि फुलं तर त्याच कांड्यांवर येणार असतात. तेव्हा ती छाटणी टाळा.

फळझाडांचा बहार धरायला पाणी तोडतात, हे बागकाम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असतं. फॅलेनोप्सिसला ते लागू नाही. त्याच्याकडे पाणी साठवायला कांडी किंवा कंद नाही; आहे ते पानांत आणि मुळांत. त्याला ताण दिला तर पानं सुरकुततात, फूल येत नाही.

मुळं: कुंडीतून काढल्याशिवाय कळत नाही

ऑर्किडला बरेच जण बांडगूळ समजतात. ते बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाच्या सालीत मुळं घुसवून रस शोषतं. ऑर्किड रानात झाडाच्या नुसतं सालीला धरून राहतं आणि पावसाचं, दवाचं पाणी टिपतं. त्याच्या मुळांवर व्हेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते चटकन पाणी ओढून घेतं, मग वाऱ्याने पुन्हा सुकतं. भिजणं आणि सुकणं हा फेरा या मुळांना हवाच असतो. सतत ओल्या जागी त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

म्हणून पहिलं काम: झाड कुंडीतून बाहेर काढा. कुंडी कडेने हलक्या हाताने दाबत फिरवा आणि झाड बुडाशी धरून वर उचला. चांगलं मूळ बोटांत दाबलं तर टणक लागतं. सुकं असताना ते चंदेरी-पांढरं दिसतं, भिजवल्यावर काही क्षणांत हिरवं होतं. सडलेलं मूळ तपकिरी असतं, दाबलं की पिचकतं, ओढलं की वरची साल मोज्यासारखी हातात येते आणि आत फक्त एक बारीक दोरा उरतो. कुंडीत आत वाढलेलं मूळ पिवळट दिसलं तरी टणक असेल तर ते जिवंत आहे, त्याला कात्री लावू नका.

मुळांच्या मधोमध बघायला विसरू नका. रोपवाटिकेत रोप लहान असताना ते स्फॅग्नम मॉसच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाच्या) किंवा कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) छोट्या गोळ्यात लावलेलं असतं आणि तसंच मोठ्या कुंडीत सरकवलेलं असतं. भोवती भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे खडखडीत वाळले तरी हा गोळा आत आठवडा-आठवडा ओला राहतो. माझ्या झाडाच्या पोटात लिंबाएवढा काळपट गोळा निघाला. त्याला धरून असलेली सगळी मुळं गेलेली होती आणि कडेची सात-आठ तेवढी चांगली होती. वरून पाणी किती द्यायचं याचा मी हिशोब करत होतो, आणि आत ते गाळ होऊन बसलं होतं. हा गोळा चिमट्याने सावकाश, थोडा थोडा काढून टाका.

सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. कात्रीचं पातं आधी ज्योतीवर धरा. ऑर्किडचे विषाणुजन्य रोग एका झाडावरून दुसऱ्यावर बहुधा कात्रीने जातात. नवीन लागवड झाडाच्या सालीच्या तुकड्यांत करा, एक ते दोन सेंटिमीटरचे तुकडे पुरतात. साल आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, नाहीतर कोरडी साल सुरुवातीला पाणी धरतच नाही. सोबत थोडा लाकडी कोळसा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात. माती अजिबात नको. कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल आणि पुन्हा तीच सड. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी नवख्यासाठी सगळ्यात चांगली, कारण मुळांचा रंग बाहेरून दिसतो. मुळं कापली असतील तर तीन-चार दिवस पाणी घालू नका, जखमा सुकू द्या.

कुंडी बदलायची योग्य वेळ म्हणजे फुलं संपल्यावर, नवीन मुळांची हिरवी टोकं दिसू लागली की. मुळं सडलीच असतील तर मुहूर्त बघत बसू नका, लगेच करा. आणि ज्या झाडाची बहुतेक मुळं कापावी लागली त्याच्याकडून त्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नका. त्याला आधी मुळं आणि दोन नवीन पानं करू द्या.

पाणी आणि खत

ठरावीक वारी पाणी घालू नका. कुंडीतून दिसणारी मुळं चंदेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की पाणी द्या. सालीतल्या झाडाला साधारण आठवड्याने लागतं, हवा गरम-कोरडी असेल तर लवकर. पाणी सकाळी द्या आणि बुडातून भरभरून वाहून जाऊ द्या. बशीत साचलेलं ओतून टाका. वरच्या पोंग्यात पाणी राहिलं तर कापडाच्या टोकाने टिपून घ्या. पोंगा कुजला तर हे झाड तिथून पुढे वाढत नाही, कारण त्याचा वाढीचा शेंडा एकच असतो.

खताने फूल येत नाही, झाड धष्टपुष्ट होतं. नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं कोणतंही पाण्यात विरघळणारं खत (१९:१९:१९ किंवा २०:२०:२०) लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, झाड वाढत असताना तीन पाण्यांना खत आणि चौथं साधं पाणी. साध्या पाण्याने साठलेले क्षार धुऊन निघतात. फुलं आणण्याचं वचन देणाऱ्या जास्त स्फुरदाच्या खतांवर माझा विश्वास नाही. उजेड आणि तापमान जुळलं नाही तर ती काही करत नाहीत, आणि जुळलं तर त्यांची गरज पडत नाही.

उजेड: पानाचा रंग आणि हाताची सावली

फॅलेनोप्सिस सावलीत जगतं ही गोष्ट खरी आहे आणि तिनेच घोळ होतो. जगायला लागणारा उजेड वेगळा, फुलायला लागणारा वेगळा. खोलीच्या मधल्या टेबलावर ते वर्षानुवर्षं जगेल. फुलायला साधारण १०,००० ते १५,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने अंदाज येतो, पण त्याहून सोपी परीक्षा हाताची आहे. भर उजेडाच्या वेळी पानाच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. कडा मऊ पण बोटं ओळखू येतील अशी सावली पडली तर उजेड बरोबर. सावली दिसलीच नाही तर कमी. कडा सुरीने कापल्यासारख्या दिसल्या तर ऊन आहे, पान भाजेल.

पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची, सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारचं ऊन येणाऱ्या खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा. झाड खिडकीपासून हातभर लांब नेलं तरी उजेड कितीतरी कमी होतो. आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, झाडाला जाणवतो. खिडकीच नसेल तर पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा पानांपासून वीत-दीड वीत वर, रोज बारा ते चौदा तास.

जागा बदलताना एकदम बदलू नका. दोन आठवड्यांत हळूहळू पुढे सरकवा. दुपारी पानाला हात लावून बघा. गरम लागलं तर मागे घ्या. हळूहळू नवीन पानं आखूड, ताठ आणि पोपटीकडे झुकणाऱ्या हिरव्या रंगाची येतील. फुलणारं झाड दिसतं ते असं. पानं ओल्या कापडाने पुसत जा, धूळही उजेड खाते. पुसताना पानाच्या मागे आणि बेचक्यांत पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने लगेच टिपा.

गारवा: सगळ्यात जास्त चुकतं ते इथे

मुळं चांगली, चार-पाच धड पानं, उजेड पुरेसा, तरीही दांडा नाही. अशा वेळी बहुतेकदा झाडाला इशारा मिळालेला नसतो. फॅलेनोप्सिसला फुलायचा इशारा दिवस लहान-मोठा होण्याने मिळत नाही, तो तापमान उतरल्याने मिळतो. व्यावसायिक रोपवाटिका याच गोष्टीवर चालतात. झाडं २८ अंश सेल्सियसच्या वर ठेवली की ती नुसती पानं करत राहतात. हव्या त्या महिन्यात फुलं हवी असली की त्यांना कित्येक आठवडे २५ अंशांच्या खाली नेतात.

"रात्री गार ठेवा" हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. मीही तो पाळला. रात्री झाड उघड्या खिडकीत असायचं, दिवसा त्याच खिडकीत काचेमागे तापायचं, आणि काही घडत नव्हतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा गैरसमज चांगलाच उघडा पाडला. दिवसा २९ अंशांत ठेवलेल्या झाडांना रात्री १७ अंश मिळूनही वीस आठवड्यांत दांडा आला नाही. दिवस-रात्र एकाच तापमानाला, १७ ते २३ अंशांच्या दरम्यान, ठेवलेल्या झाडांपैकी बहुतेकांना मात्र आला. म्हणजे दिवस-रात्रीतला फरक हवा असं नाही. हवा आहे तो गार दिवस.

आता खरी अडचण लक्षात येईल. उजेडासाठी झाड खिडकीशी हवं, आणि खिडकीशीच दुपारी सगळ्यात जास्त तापतं. उजेडासाठी ऊन आणि गारव्यासाठी अंधार, अशी अदलाबदल झाली की फुलं हुकतात. गार पण अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं झाडही दांडा काढत नाही.

तेव्हा एक कमाल-किमान तापमापक आणा आणि तो भिंतीवर न टांगता पानांच्या उंचीला, झाडाशेजारी, सावलीत ठेवा. आठवडाभर दुपारचा आकडा लिहून ठेवा. खोलीत २४ असताना खिडकीच्या काचेशी ३० असू शकतं, हे पहिल्याच दिवशी कळेल. मग वर्षातले सगळ्यात गार सहा आठवडे निवडा आणि त्या काळात दुपारचा आकडा २५ च्या आत राहील अशी उजेडाची जागा शोधा. पडदा ओढल्याने, झाड काचेपासून थोडं मागे घेतल्याने, दुसऱ्या दिशेच्या खिडकीत नेल्याने दोन-चार अंशांचा फरक पडतो. दिवसा २० ते २५ आणि रात्री १६ ते १९ हे उत्तम. रात्री १३ च्या खाली जाऊ देऊ नका, पानांवर खड्डे पडतात आणि कूज लागते. पाणी नेहमीसारखंच, फक्त गार हवेत सुकायला वेळ लागतो म्हणून दोन पाण्यांतलं अंतर आपोआप वाढेल.

जिथे दुपार कधीच २८ च्या खाली येत नाही तिथे वातानुकूलित खोलीतली खिडकी किंवा तिथेच एलईडी दिवा हा एक सरळ मार्ग आहे. त्यापेक्षा सोपं मला तरी सापडलेलं नाही.

दांडा की मूळ?

चार-सहा आठवड्यांनी एखाद्या सकाळी पानाच्या बुडाशी हिरवा ठिपका दिसेल. माझ्या झाडाला तो वरून तिसऱ्या पानाखाली आला. पान चिरून काहीतरी बाहेर पडतंय असंच वाटत होतं, आणि तीन-चार दिवस मी भिंग घेऊन बघत होतो. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं आणि मागे लगेच चंदेरी आवरण चढायला लागतं. दांड्याचं टोक चपटं असतं, हातमोज्यात अंगठा वेगळा दिसावा तसं थोडं दुभंगलेलं. तो पानाच्या बरोबर बेचक्यातून निघतो आणि वर उजेडाकडे वळतो. मूळ खोडावर कुठूनही फुटतं आणि बहुधा खाली किंवा आडवं जातं. शंका असेल तर आठवडाभर थांबा. दांडा असेल तर त्यावर पेर दिसायला लागेल.

दांडा बोटभर झाला की कुंडी फिरवू नका. तो उजेडाकडे झुकत वाढतो. रोज दिशा बदलली तर वेडावाकडा होतो आणि फुलं एका ओळीत बसत नाहीत. आधाराची काडी आत्ताच खोचा, मुळं चुकवून, आणि सैल बांधत जा. कोवळा दांडा चटकन मोडतो, म्हणून त्याला वाकवायची घाई नको. दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला अडीच-तीन महिने लागतात.

कळ्या पिवळ्या पडून गळल्या तर वाईट वाटतं, पण कारण बहुधा आसपासच असतं. पिकलेली फळं इथिलीन वायू सोडतात, कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. झाड फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका. गॅसची गळती, पंख्याचा किंवा एसीचा थेट झोत, अगदी कोरडी हवा, मुळं एकदम सुकणं किंवा तुंबणं, आणि कळ्या भरलेल्या असताना झाडाची जागा बदलणं, ही बाकीची कारणं. पहिली दोन-तीन फुलं पूर्ण उमलेपर्यंत झाड आहे तिथेच राहू द्या.

फुलं संपल्यावर

दांडा वाळून तपकिरी झाला तर बुडाशी कापा. हिरवा असेल तर झाडाकडे बघून ठरवा. पाच-सहा टणक पानं आणि भरपूर मुळं असतील तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या बोटभर वर कापा. पुष्कळदा त्या पेराच्या डोळ्यातून फांदी फुटते आणि थोडी लहान फुलं दोन-तीन महिन्यांत येतात. पानं तीन-चारच असतील, किंवा मलूल असतील, तर हिरवा दांडाही बुडाशी कापावा असं माझं मत आहे. आत्ताच्या चार फुलांपेक्षा पुढच्या वर्षीचा भरगच्च दांडा मला महत्त्वाचा वाटतो.

कधीकधी पेरातून फांदीऐवजी दोन छोटी पानं निघतात. ते पिल्लू आहे, ऑर्किडवाले त्याला केकी म्हणतात. त्याला दांड्यावरच राहू द्या, अधूनमधून पाण्याचा फवारा मारा. त्याची स्वतःची तीन मुळं बोटाएवढी लांब झाली की दोन्ही बाजूंना थोडा दांडा ठेवून कापा आणि बारीक सालीत लहान कुंडीत लावा.